तात्यांचा हातगुण आणि माझं जंतुनाशक

चाकणच्या एका औषध कंपनीत मी जंतू मोजते. बशीएवढ्या ताटल्यांत जंतूंचं खाणं ओतायचं, त्यावर गोळ्यांचा नमुना टाकायचा आणि काही दिवस वाट बघायची. ताटली रिकामी राहिली की बॅच पास. चार ठिपके जास्त उगवले की साहेबाचं तोंड वाकडं. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाचं डोकं एकाच बाजूला चालायला लागतं. जंतू म्हणजे घाण, संपला विषय. रहाटणीच्या आमच्या घरात मी कोथिंबीर अशी धुते की नवरा म्हणतो, आता तिला इस्त्री पण कर.

तर अशी मी, दिवाळीच्या जरा आधी माहेरी गेले. कंपन्यांच्या कुंपणांमध्ये अजून थोडं रान शिल्लक असलेलं आमचं गाव. माझे वडील, तात्या, घरच्या बियांचं कांद्याचं रोप टाकतात. गावात त्यांच्या हातगुणाला मान. वाफा कुणाचाही असो, बियांची पहिली मूठ तात्यांनी टाकायची, मग घरच्यांनी. त्यांचा हात लागला की रोप दाट येतं म्हणे. मी लहानपणापासून हे बघत आले आणि शिकल्यापासून मनातल्या मनात हसतही आले.

त्या दिवशी तात्यांचं रोप बोटभर उंच झालं होतं. एका कोपऱ्यात ओंजळभर रोपांनी माना टाकल्या होत्या आणि शेणखतात पांढरे तंतू पसरले होते. बुरशी बघून माझ्या अंगावर काटाच आला. तात्या शांत. म्हणाले, "पांढरी चांगली असती. थोडं रोप मरतंच, बाकीचं धरतंय. तू हात लावू नगंस."

दुसऱ्या दिवशी ते पाहुण्यांकडं दहाव्याला गेले आणि मी शहाणपण पाजळलं. कंपनीत फरशीला असतं तसलं जंतुनाशक बाजारातून आणलं, पाण्यात कालवलं आणि झारीनं सगळा वाफा भिजवला. संध्याकाळी परत एकदा, कुठं राहायला नको म्हणून. तात्यांना काही बोलले नाही. रोप उभं राहिलं की सांगू, मग बघू कसे बोलतात, असा माझा तोरा.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "रोप बसलं सगळं," एवढंच म्हणाले. रविवारी गेले तर वाफ्यात उभं असं काहीच नव्हतं. तरी माझ्या मनात काय आलं असेल? औषध कमी पडलं.

आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात शेजारचे काका बियांचा डबा घेऊन आले. "चला तात्या, मूठ टाकायची हाय." तात्या जागचे हलले नाहीत. "माझा हात नगं आता. गेला माझा हातगुण. तुमचं बी वाया जायचं." काका हसले, त्यांना चेष्टा वाटली. मग त्यांचंही तोंड उतरलं आणि ते डबा घेऊन गेले. कुणाला नाही म्हणताना तात्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

निघताना मी तीन पुड्या बांधल्या. एक वाफ्यातली माती, तुलनेला एक बांधावरची, एक कुजलेली मुळं. रोग कुठला ते शोधायचं आणि तात्यांना दाखवायचं, की हाताबिताचं काही नसतं. कंपनीत माती नेली असती तर मातीबरोबर मलाही बाहेर काढलं असतं. म्हणून जंतूंचं खाणं घरीच शिजवलं. बटाटे उकडले, त्या पाण्यात साखर आणि घट्ट व्हायला चायना ग्रास घातलं, कुकरला शिट्ट्या दिल्या आणि झाकणाच्या डब्यांत ओतलं. प्रत्येक पुडीतलं चिमूटभर पाण्यात ढवळून वर एकेक थेंब सोडला. डबे फ्रिजवर ठेवले. नवऱ्यानं खरवस समजून एक उघडला, ते जाऊ दे.

पाचव्या दिवशी झाकणं काढली. बांधाच्या डब्यात नुसती जत्रा. पांढरे, पिवळे, गुलाबी ठिपके, हिरवी मखमल, खडूसारखे कोरडे गोल आणि त्यांना ओल्या मातीचा वास. सवयीनं मी मनात म्हटलं, फेल. मग वाफ्याचा डबा उघडला. त्यात या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच करडी, कापसासारखी बुरशी. दुसरं औषधालाही नाही. मुळांच्या डब्यातही तीच.

तात्यांच्या मातीत ही बुरशी आधीही असणारच, पण बाकीचे शेकडो जण तिला दाबून होते. मी त्या सगळ्यांना मारलं. रिकाम्या घरात पहिला चोर शिरला. रोप माझ्या झारीनं गेलं होतं, आणि त्यांच्या हातगुणाला हसणारी मीच तो खाऊन बसले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं बैल माझ्या बापाचा होता.

त्याच दिवशी गाडी काढली. तात्या ओट्यावर एकटेच होते. सगळं सांगितलं, डबेही दाखवले. त्यांनी एकेक डबा हातात घेऊन निरखला.

"म्हंजे माझा हात न्हवता?"

"नाही तात्या. मी ओतलं औषध."

त्यांनी डोळे पुसले. मी म्हटलं, आत्ता काकांकडं जाऊ, मी स्वतः सांगते.

"काल टाकलं त्यांनी. दुसऱ्याला बोलावलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन् कुणाला बोलू नगंस. पोरगी कंपनीत सायब हाय, असं सांगत फिरलोय मी गावभर. तिनंच बापाचं रान मारलं म्हनतील. त्यापरीस माझा हात गेला म्हनू दे."

मी रडले, भांडले, नाही नाही म्हटलं. आणि शेवटी ऐकलं त्यांचं. यंदा गावातल्या एकाही वाफ्यात तात्यांची मूठ पडली नाही, आणि मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही.