बंबसर

हळू बोलणं बंबसरांना जमतच नव्हतं. वाचनालयात पुस्तक मागायचे तेही असं, की पलीकडच्या वर्गातली मुलं खिडकीतून डोकवायची. परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून त्यांना नेमणं पहिल्याच वर्षी बंद झालं, कारण एका मुलाला "आधी नंबर लिही" एवढं सांगताना त्यांनी सगळा मजला दचकवला होता. त्यांची सगळी नोकरी अग्निशमन दलाच्या गाडीवर गेली होती. डोक्यावर भोंगा, बाजूला पंपाची घरघर. डावा कान त्यात गेला होता आणि उजव्याचा भरवसा नव्हता. आमच्या भिवंडीत आगीच्या गाडीला जुनी माणसं अजून बंबच म्हणतात, म्हणून ते बंबसर. खरं नाव पगारपत्रकात होतं. ते आम्ही कधी उच्चारलं नाही.

कॉलेज कल्याणच्या रस्त्याला होतं. फायर इंजिनिअरिंगची पदवी फार ठिकाणी मिळत नाही, त्यामुळे पार नांदेड-जळगावहून मुलं यायची. सरांना नावं लक्षात राहत नसत, गावं राहत. "ए नांदेड, शिडी धर!" "जळगाव, बूट कुठं हायेत?" मी जवळच्याच शेलार गावची, म्हणून शेलार. वर्गात मुली आम्ही दोघीच होतो. दुसरी पहिल्या वर्षानंतर कॉम्प्युटरला गेली. मग उरले मी एकटी, आणि सरावाच्या मैदानावर रोज निदान दहा वेळा माझ्या गावाचा पुकारा व्हायचा.

त्यांच्याकडे पदवी नव्हती. दलातून लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालेले, कॉलेजात 'प्रात्यक्षिक सहायक'. वर्गात शिकवणारे प्राध्यापक एम.टेक. झालेले. त्यांच्यातल्या बहुतेकांनी जळती इमारत फळ्यावरच पाहिलेली. स्टाफरूममध्ये सरांना खुर्ची नव्हती. ते पंपरूमशेजारी लाकडी बाकावर बसून डबा खायचे. आम्हीही काही वेगळे नव्हतो. गॅदरिंगमध्ये त्यांची नक्कल करायचा मान माझा होता. "हाय का पाणी? न्हाय ना? मग काय कपाळ विझवणार?" असं मी ओरडले, की प्राध्यापक सगळ्यात जोरात हसायचे. सर पहिल्या रांगेत बसून ऐकण्यासाठी कानामागे हात धरायचे आणि शेजारच्याला विचारायचे, "काय म्हणली?"

पहिल्यांदा भरल्या पाण्याची नळी हातात घेतली तेव्हा तिने मला उचलून चिखलात आपटलं होतं. पोरं हसली. सर धावत आले. मला वाटलं, बाजूला बसवतील. त्यांनी नळी पुन्हा माझ्या काखेत दिली आणि माझ्या पाठीला आपला खांदा लावून उभे राहिले. "पाण्याशी भांडू नको. भांडलीस तर ते जिंकतंय. वजन पुढं टाक आणि उभी राहा." त्या दिवशी पाऊण तास मी उभी राहिले. रात्री हात वर होईनात, पण आईने विचारलं तेव्हा मी हसत होते.

दुसरं वर्ष संपलं आणि माझं शिक्षण थांबवायचं घरी ठरलं. स्थळ आलं होतं. मुलीने आगी विझवायच्या म्हणजे काय, हे बाबांना नातेवाइकांना समजावून सांगता येत नव्हतं. मी कॉलेजात जायची बंद झाले तशी आठव्या दिवशी सर स्कूटरवरून शेलारला आले. ओटीवर बसले, पाणी प्यायले आणि बोलू लागले. म्हणजे सगळ्या आळीला ऐकू जाऊ लागलं. "माझ्याकडं चाळीस पोरं हायेत. त्यातली निम्मी जड झालं की नळी सोडत्यात. ही सोडत न्हाय. हिला घरात बसवू नका, बापा." बाबा लाजेने चूर झाले. शेजारच्या बायका दारात आल्या. आता आळीत सगळ्यांनाच कळलंय म्हटल्यावर नाही म्हणायची सोय राहिली नाही. मी सोमवारी कॉलेजात गेले. स्थळाचं काय झालं ते सरांनी कधी विचारलं नाही.

मैदानावर त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "काटा बघू नका, पाणी बघा." हायड्रंटवर, म्हणजे आगीसाठीच्या नळावर, पाण्याच्या दाबाचा काटा असतो. तो अडकून बसला की पाइप कोरडा असला तरी भरलेला दाखवतो. म्हणून व्हॉल्व्ह फिरवून पाणी हातावर घ्यायचं, मगच वहीत लिहायचं. आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. चपला भिजायच्या.

शेवटच्या वर्षी विद्यापीठाची समिती आली. कॉलेजच्या इमारतीत लाल पाइप नव्याने रंगवलेले, काट्यावर सात. प्राचार्य समितीला ते दाखवत होते. सर मागे उभे होते. पंप वर्षभर बंद असल्याचं त्यांनी प्राचार्यांना तीनदा लेखी कळवलं होतं, हे आम्हाला माहीत होतं, कारण तिन्ही पत्रं त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतली होती. ते पुढे आले, म्हणाले, "साहेब, पाणी बघा," आणि त्यांनी चाक फिरवलं. फुस्स करून हवा आली, थोडा गंज सांडला. काटा सातावरच. समितीतले एकजण खोकले. प्राचार्य म्हणाले, "दुरुस्तीचं काम चालू आहे." समितीने जेवून अहवाल चांगलाच दिला. सरांचं कंत्राट मात्र महिन्याभरात संपलं.

त्यांना परत घ्यावं म्हणून काही मुलांनी अर्ज केला. वर्गप्रतिनिधी म्हणून पहिली सही माझी हवी होती. त्याच आठवड्यात कंपन्या मुलाखतींना यायच्या होत्या आणि प्राचार्यांनी मला बोलावून एवढंच विचारलं होतं, "तुमचं नाव यादीत घालायचंय ना?" मी सही केली नाही. मग कुणीच केली नाही. सर आपला डबा आणि बूट न्यायला आले तेव्हा मी त्यांना जिन्यात सापडले. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "बरं केलंस. तुला नोकरी पायजे." त्यांना ते हळूच सांगायचं होतं. तिन्ही मजल्यांना ऐकू गेलं.

नोकरी लागली. इमारतींची आणि गोदामांची अग्निशमन यंत्रणा तपासून, ती चालू असल्याचा सहामाही दाखला देणारी ती एजन्सी होती. ठाणे ते भिवंडी रस्त्यावर गोदामं संपत नाहीत, त्यामुळे काम भरपूर होतं. दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं आणि तिसऱ्या वर्षी काल्हेरच्या एका गोदामाची तपासणी माझ्याकडे आली. फाटकावर निळ्या गणवेशातला एक म्हातारा ट्रकच्या ड्रायव्हरवर हिंदीत ओरडत होता, "बिडी बाहर! बाहर बोला ना!" मी गाडीतून उतरायच्या आधीच आवाज ओळखला.

सरांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. हमालांना, पॅकिंगच्या बायकांना धरून धरून सांगत सुटले, "ये मेरी स्टुडंट हाय. इंजिनिअर! हीच सही करणार." मग त्यांनी मला सगळं गोदाम हिंडवलं. छतापर्यंत फोमच्या गाद्या. मागचं शटर खोक्यांनी बुजलेलं. डिझेल पंपाची बॅटरी कुणीतरी ट्रकला काढून नेलेली, म्हणजे वीज गेली की पाणी बंद. त्यांनी मालकाच्या माणसांना सांगून पाहिलं होतं. ते म्हणाले होते, "चाचा, तुम्ही फाटक सांभाळा." मी वहीत लिहीत होते, मोबाइलवर फोटो काढत होते. सर माझ्या खांद्यावरून वहीत बघत म्हणाले, "लिही. मी सांगतो म्हणून न्हाय. तू बघितलंस म्हणून लिही."

मी तसाच अहवाल दिला. आमच्या साहेबांनी तो वाचून बाजूला ठेवला. "मॅडम, आपलं काम दाखला द्यायचं आहे, अडवायचं नाही. ते दुरुस्त करून घेतीलच. नवीन प्रिंट काढा." मला कुणी धमकी दिली नाही. कुणी आवाजही चढवला नाही. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि तो पीत पीत मी सही केली. संध्याकाळी घरी जाताना मनात एकच विचार होता, सरांची पुन्हा गाठ पडू नये.

आग दीड महिन्याने लागली, भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. पॅकिंगच्या यंत्रातून ठिणगी उडाली आणि फोम पेटला. वीज बंद करावीच लागली आणि तिच्याबरोबर पाणीही बंद झालं. धूर खाली उतरला. सरांनी फोर्कलिफ्टवाल्याला ओरडून बुजलेल्या शटरवर गाडी घालायला लावली, खोक्यांसकट शटर फाडलं आणि तिथून माणसं बाहेर काढली. त्या धुरात कुणाला काही दिसत नव्हतं. त्यांच्या आवाजाच्या दिशेने आम्ही चालत गेलो, असं वाचलेल्या बायका नंतर सांगत होत्या. टेमघरची एक पॅकिंगवाली पोरगी आत राहिल्याचं कळलं तसे ते पुन्हा आत गेले. तिला उचलून आणलं. ती तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारली. सरांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

चौकशीत मालकांनी माझा दाखला पुढे केला. यंत्रणा चालू होती, हे एजन्सीच्या परवानाधारक इंजिनिअरने सहीनिशी लिहून दिलं होतं. मग पाणी का मारलं गेलं नाही? मालकांचं उत्तर तयार होतं: फाटकावर दलातला प्रशिक्षित माणूस होता, त्याने यंत्रणा वापरली नाही. निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा सरांवर दाखल झाला. पोलिसांनी मला पाच मिनिटांसाठी बोलावलं. सही माझीच का, एवढं विचारलं. मी हो म्हटलं.

सर तेव्हा टेमघरला एका खोलीत राहत. मी भेटायला गेले. हातांना बँडेज, श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायची. त्यांच्या बायकोने, ज्यांना ते सगळ्यांसमोर 'आमच्या बाई' म्हणायचे, मला चटई घातली आणि समोर भिंतीला टेकून बसल्या. सर जामिनाचं, तारखांचं सांगत राहिले. मग म्हणाले, "शेलार, तू फोटो काढले व्हते. ते हायेत का?"

"आहेत, सर."

"मग ते दे. वकील म्हणतो, तेवढ्यावर सुटंन. सुटायचं पण जाऊ दे. त्या पोरीची आई माझ्याकडं बघत न्हाय."

चार वर्षं मैदानावर, दोन तास त्या गोदामात, आणि एकदा आमच्या ओटीवर हा माणूस माझ्यासाठी घसा फोडत होता. स्वतःसाठी त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, "बघते, सर."

त्यांच्या बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सरांना मात्र ते नीट ऐकू गेलं नसावं, किंवा त्यांनी ते हो समजलं. ते हसले.

मी बघितलंही. नवऱ्याला विचारलं, ओळखीच्या वकिलाला विचारलं. फोटो दिले की खोटा दाखला दिल्याचं सिद्ध होणार, माझा परवाना जाणार, कदाचित खटलाही होणार. सगळे म्हणाले, थांब. मी थांबले. फोटो मी पुसले नाहीत, हे मी पुष्कळ दिवस स्वतःला मोठेपणा म्हणून सांगत होते. सरांचा एकही फोन आला नाही. पाचव्या महिन्यात ते खोली सोडून मुरबाडकडे आपल्या गावी गेले. त्यानंतरच्या पावसात छाती भरून ते वारले. मला ते नांदेडकडून कळलं. त्या मुलाचं खरं नाव आठवायलाही मला वेळ लागला.

त्यानंतर मी एजन्सी सोडली आणि फोटो घेऊन पोलीस ठाण्यात गेले. अधिकारी नवे होते. त्यांनी फाइल काढली. "आरोपी मयत आहे, मॅडम. केस बंद झाली. इतके दिवस कुठे होतात?" मी म्हटलं, इथेच. त्यांनी अर्ज लिहून घेतला, वर पाठवतो म्हणाले, माझ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. अजून मला कुणी बोलावलेलं नाही. परवानाही शाबूत आहे.

शिक्क्याची ती प्रत घेऊन मी मुरबाडला गेले. गाव आतल्या बाजूला, एसटी फाट्यावर सोडते. त्यांच्या बाई अंगणात भात वाळत घालत होत्या. मी कागद पुढे केला, त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. दाखला खोटा होता, सरांची चूक नव्हती, हे मी माझ्या नावानिशी लिहून दिलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कागद घेतला नाही, हात भाताचे होते.

"ते शेवटपर्यंत म्हणत, शेलार येल," त्या म्हणाल्या. "मी म्हणायची, ती न्हाय येत. त्यावरून आमची रोज भांडणं. तुमच्यापायी आजारी माणसाशी भांडत व्हते मी."

मी कागदाची घडी घातली.

त्या पुन्हा वाकल्या, भात पसरायला लागल्या. "मीच खरी ठरले," त्या म्हणाल्या. "ते खरे ठरले असते तर बरं झालं असतं."