मान खाली

सुतारकाकांना कुणाच्याही घरी गेलं की छताचे वासे न्याहाळायची खोड. लेकीच्या सासरी पहिल्यांदाच जेवायला निघताना काकूंनी बजावलं, "आज मान खाली ठेवा. विहीणबाई मनाला लावून घेतात, आणि नंतर ऐकून घ्यावं लागतं पोरीला."

काकांनी निम्मं जेवण मुकाट उरकलं. तेवढ्यात वरून लेकीच्या ताटात चिमूटभर भुसा पडला. मग काकांना राहवेना.

"हा वासा आतून किडलाय. बदलायला हवा."

काकूंनी डोळे वटारले. लेकीचा घास हातातच राहिला.

"ऐकलंत?" विहीणबाई नवऱ्याकडे वळल्या. "वर्षभर मी दुसरं काय सांगतेय?"

व्याह्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. काकूंनी निमूटपणे आपल्या पिशवीतून काकांचा मोजायचा टेप काढून दिला.