आम्ही बरोबर नेलेला चहा

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या चर्चची मंडळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमते. या बैठकीला आम्ही पूर्वापार कॉटेज मीटिंग म्हणत आलो आहोत. दोन गीते, शास्त्रपाठ, पाळकसाहेबांचे थोडके बोलणे, मध्यस्थीची प्रार्थना आणि शेवटी चहा. यजमानाने चहा-बिस्किटांच्या पुढे जाऊ नये असा संकेत आहे. उपवासकाळ आहे, हे त्याचे सांगितले जाणारे कारण. घराघरांत चढाओढ लागू नये, हे न सांगितले जाणारे.

मध्यस्थीची प्रार्थना लिहून वाचण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. भोसरीच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या खात्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण वाक्य चारदा तपासल्यावाचून मला ते देवापुढेही ठेववत नाही. गेल्या वर्षी पाळकसाहेबांनी उपवासकाळासाठी विषय दिला होता, परक्याचा पाहुणचार. मी मन लावून प्रार्थना लिहिली. ‘हे प्रभू, दारात उभ्या राहिलेल्या परक्यामध्ये तुला ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. आमची दारे उघडी ठेव. आमच्या ताटातला घास आम्हांला एकट्याने गोड लागू देऊ नकोस.’ पहिल्याच शुक्रवारी दोघातिघांनी ती उतरवून मागितली. पत्नीने मात्र घरी आल्यावर एवढेच म्हटले, की त्या परक्याला मोशीत आपल्या दारापर्यंत यायचे तर आधी सोसायटीच्या गेटवर मोबाइल नंबर सांगावा लागेल, तेवढे प्रभूला कळवून ठेवा. मी हसलो. ते हसणे थोडे घाईचे होते, हे मला तेव्हाही जाणवले होते.

परका म्हणून आमच्या डोळ्यांसमोर एकच माणूस असे. ओडिशाच्या डोंगराळ भागातला, तिशीच्या आतबाहेरचा, चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर काम करणारा. रविवारी दोन बसगाड्या बदलून तो चिंचवडला उपासनेला येई आणि शेवटच्या बाकावर बसे. मराठी तो खोलीतल्या सोबत्यांकडून शिकला होता आणि ते सोबती लातूरकडचे, त्यामुळे त्याच्या तोंडून मराठवाड्याची बोली ऐकताना नवख्या माणसाला गंमत वाटे. आम्ही त्याच्यासाठी बरेच काही केले होते, किंवा आम्हांला तसे वाटत होते. नाताळात केकचा डबा, थंडीत ब्लँकेट, एकदा दवाखान्याची ओळख. तो सारे दोन्ही हातांनी घेई आणि आमच्यासारखाच ‘सलाम’ म्हणून निघून जाई.

उपवासकाळाच्या सुरुवातीला एका रविवारी तो माझ्यापाशी आला. “काका, एक शुक्रवार माझ्याकडं बी घ्या की,” म्हणाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, की तुम्हांला कशाला त्रास. त्रास नाही, म्हणाला, आणि उत्तराची वाट पाहत उभा राहिला. मी पाहू म्हटले. पुढच्या रविवारी त्याने पुन्हा विचारले. तेव्हाही मी तेच सांगितले. मग तो पाळकसाहेबांकडे गेला, आणि त्यांच्याकडून मला खरी गोष्ट समजली. खोलीतले सोबती त्याला चिडवत असत. दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तू त्यांच्याकडे जातोस, तुझे म्हणवणारे ते लोक तुझ्याकडे कधी आलेले दिसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. चेष्टाच होती ती. पण चार वर्षे ऐकलेली चेष्टा. आम्ही त्याचे कोण, हे एकदा त्याला त्या खोलीत दाखवायचे होते. पाळकसाहेबांनी मला निमूटपणे तारीख ठरवायला सांगितली.

तयारीसाठी आम्ही काही जण माझ्या घरी बसलो. एका खोलीत चौघे राहतात, स्वयंपाकाला एक लहानसा गॅस, तो बिचारा काय काय करणार, अशी सर्वांना काळजी. उपाय मी सुचवला. चहा आपण मोठ्या थर्मासातून न्यावा, कागदी पेले, बिस्किटे, खारी सारे बरोबर घ्यावे, त्याच्यावर कसलाही भार पडू देऊ नये. सर्वांना ते पटले. मी त्याला निरोप पाठवला, की आपण काहीही करू नका, चहा आम्ही आणतो. उत्तरादाखल हात जोडल्याचे चिन्ह आले. मी ते कृतज्ञता म्हणून वाचले.

ठरलेल्या शुक्रवारी चाकणजवळच्या महाळुंग्याच्या रस्त्यावर शिफ्ट सुटल्याची गर्दी होती. कंपन्यांच्या बसगाड्यांमागून आमच्या तीन मोटारी कशाबशा पोहोचल्या. तो रस्त्यावरच येऊन थांबला होता. एकेकाळच्या शेतात मालकाने बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांची रांग, प्रत्येक दारापुढे सेफ्टी शूजचे जोड. त्याच्या दारापुढचे जोड मात्र एका बाजूला नीट लावून ठेवलेले होते. खोली धुतलेली होती. कपड्यांची दोरी काढलेली, अंथरुणे कोपऱ्यात रचलेली, मालकाकडून मागून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या वयस्करांसाठी मांडलेल्या. रात्रपाळीचा एक सोबती, ज्याने त्या वेळी झोपलेले असायला हवे होते, तो शेजारच्या खोलीत जाऊन झोपला होता. दुसरा लातूरकडचा सोबती, चांगला उंचापुरा, दारात उभा राहून आमच्या चपलांना जागा करून देत होता. भिंतीवर एका रिकाम्या खिळ्याखाली फिक्या रंगाचा चौकोन दिसत होता. गॅसजवळ झाकण ठेवलेले एक मोठे पातेले होते आणि शेजारी मुरमुऱ्यांची पिशवी. मला वाटले, त्यांचे रात्रीचे जेवण असेल.

प्रार्थना चांगली झाली. गीत सुरू झाल्यावर रांगेतली माणसे दारापाशी येऊन उभी राहिली. मी माझा कागद वाचला. ‘आमची दारे उघडी ठेव’ हे शब्द उच्चारताना माझी पाठ त्या उघड्या दाराकडे होती, आणि तरीही मला काही सुचले नाही. आमेन म्हणून होताच मी उठलो आणि थर्मास उघडला. कागदी पेले हातोहात फिरले, बिस्किटांचे पुडे फुटले. सारे कसे झटपट, कुणाला काही हलवावे लागू नये असे. एक पेला भरून मी यजमानाच्या हातात दिला. त्याच्याच घरात. त्याने तो नेहमीसारखा दोन्ही हातांनी घेतला.

दारातल्या लातूरकराने तेवढ्यात विचारले, “काका, तुमच्यात दुसऱ्याच्या घरचं चालत नाही का?”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. उपासतापासाचा काही नियम असेल, तो समजून घ्यावा, असा त्याचा सूर होता. मग त्याने साधेपणाने सांगितले, की या गड्याने रात्रीच वाटाणे भिजत घातले, सकाळपासून घुगनीच्या मागे आहे, तुमचा उपास म्हणून आम्हांलाही कालपासून अंडे आणू दिले नाही.

माझ्या हातातला थर्मास तसाच राहिला. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. गावाची मुले त्यांच्याकडे शिकत, मुलांचे बाप त्यांच्याकडून अर्ज लिहून घेत, पण आमच्या घरचे पाणी गावात कुणी घेत नसे. पुढे काळ बदलला, घरी सर्व तऱ्हेची माणसे येऊ लागली. तरी पाहुण्याला पेला दिल्यावर आजोबा क्षणभर बोलायचे थांबत आणि तो पेला ओठाला लागतो की नाही हे पाहत. म्हातारपणीही त्यांची ती नजर गेली नाही. लहानपणी आम्ही तिची नक्कल करून हसत असू.

मी यजमानाकडे पाहिले. तो पातेल्याकडे पाहत होता. ती नजर मी ओळखली.

बोललो असतो तर बहुधा क्षमा मागितली असती, आणि भरल्या घरात क्षमा मागून त्याला आणखी अवघडून टाकले असते. पत्नीने माझ्या हातातून थर्मास घेतला, त्याचे झाकण घट्ट फिरवले आणि तो खुर्चीखाली सरकवला. “चालतं की,” ती लातूरकराला म्हणाली, “आणि भूकही लागली आहे. वाढा.”

मग त्या खोलीत जी धांदल उडाली ती मला अजून डोळ्यांसमोर दिसते. ताटे चारच होती. शेजारच्या खोल्यांतून आणखी आली. घुगनी म्हणजे आपल्या वाटाण्याच्या उसळीच्या जवळची, पण दाटसर, वरून कच्चा कांदा आणि मुरमुरे. वाढणारे ते दोघे, आणि आम्ही नुसते बसलेलो. वाढून झाल्यावर त्याने सर्वांना थांबायला सांगितले आणि डोळे मिटून आपल्या भाषेत प्रार्थना केली. मला तिच्यातले दोनच शब्द कळले, प्रभू आणि चिंचवड. आमेन मात्र सर्वांनी मोठ्याने म्हटले, दारातल्या माणसांनीसुद्धा.

खाताना पत्नीने भिंतीवरच्या त्या फिक्या चौकोनाविषयी विचारले. लातूरकर संकोचला. तिथे आमच्या देवीचे कॅलेंडर होते, तुमची प्रार्थना म्हणून काढून ठेवले, म्हणाला. घर तुमचे आहे, आम्ही पाहुणे, ते परत लावा, असे पाळकसाहेबांनी त्याला सांगितले. त्याने ते अंथरुणांमागून काढून खिळ्याला अडकवले, आणि जाता जाता पाळकसाहेबांच्या ताटात आणखी एक पळी घुगनी वाढली.

परतताना मोटारीत थर्मास माझ्या पायांशी होता, अर्ध्याहून अधिक भरलेला. परक्याला आपण देत राहतो तोवर तो परकाच राहतो, आणि आपणही देणारे म्हणून सुरक्षित राहतो, असे काहीसे मनात येत होते. भार पडू नये म्हणून मी जे केले त्यात त्याची काळजी होती, हे खोटे नाही. पण कुणाच्या दारात हात मोकळे ठेवून जाणे मला जमत नाही, हेही त्यात होते, आणि ते मी इतकी वर्षे प्रार्थनेतही कबूल केलेले नव्हते. पुढच्या शुक्रवारी माझ्या कागदावर एक ओळ वाढली. ‘ज्यांच्या दारात आम्ही परके होऊन जातो, त्यांनी वाढलेले आम्हांला खाता येऊ दे.’ ती कुणी उतरवून मागितली नाही.

यंदा उपवासकाळ जवळ आला तसा त्याचा फोन आला. सलाम झाला, पत्नीची चौकशी झाली. मग तो म्हणाला, “काका, यंदा आपला शुक्रवार कधी हाय? आन् तुमच्याकडची ती मोठी सतरंजी घेऊन या. मागल्या टायमाला अर्धे लोक उभेच होते.”

इतक्या वर्षांत त्याने आमच्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. मी सतरंजी माळ्यावरून काढून उन्हात टाकली. थर्मास पत्नीने आधीच वरच्या कपाटात ठेवून दिला होता.