इतर हक्कातली ओळ

रत्नागिरीत मी तीसेक वर्षं जमिनींची दलाली केली. कचेरीसमोरच्या चहाच्या हॉटेलात एक बाकडं माझं ठरलेलं होतं. गावात माझं नाव झालं ते एका वाक्यामुळे. गिऱ्हाइकाने कायद्यातलं काही विचारलं की मी म्हणत असे, "हे माझं काम नाही, वकिलांना विचारा." विहिरीला पाणी कितीवर लागेल, शेजारी भांडकुदळ आहे का, भाव काय चाललाय, हे मी छातीठोक सांगायचो. वारस, कूळ, वहिवाट यांचा विषय निघाला की वकील. न कळणाऱ्यातलं हा बोलत नाही, असं लोक म्हणत, आणि म्हणून मी जे बोलायचो त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत.

ते वाक्य मी एकदाच गिळलं. ती माझी चूक होती असं सगळे आजवर धरून चालले आहेत. ती समजूत मला मोडायची आहे.

दलालीत येण्याआधी मी एका ठेकेदाराच्या गोदामात कारकून होतो. माझ्यावर एक साहेब होते. एके दिवशी त्यांनी सिमेंटच्या गोण्या आल्याची पावती पुढे केली आणि गाडी खोळंबलीय, सही कर म्हणाले. साहेब सांगतात म्हणून मी केली. गोण्या कमी भरल्या. ठेकेदार चौकशीला आला तेव्हा साहेब सगळ्या हमालांसमोर म्हणाले, "याला कागद वाचता येत नाही हो. नुसती सही येते."

हमाल हसले. मला त्याच दिवशी काढलं. वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. गोष्ट त्यांच्या कानावर गेली. त्यानंतर मुंबईहून भावाचं पोस्टकार्ड आलं की शेजारच्या काकांना हाक मारून वाचून घेत. मी समोर बसलेला असे. मरेपर्यंत त्यांनी माझ्याकडून एक ओळ वाचून घेतली नाही.

त्या रागावर मी सातबारा वाचायला शिकलो. तलाठ्यांची गिचमिड अक्षरं, खाडाखोड, फेरफाराचे आकडे, सगळं. वकिलांना विचारा म्हणत असे ते शिस्त म्हणून. वाचता मला येत होतं.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. साहेब निवृत्त होऊन बायकोसह मांडवीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आले. मूलबाळ नव्हतं. स्वतःचं घर बांधून त्यात डोळे मिटायचे, एवढीच दोघांची इच्छा होती. कोणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं. बाकड्यावर मला पाहून ते आधी दचकले, मग हसले.

"अरे, तू होय! आता सही करायच्या आधी वाचतोस ना?"

"वाचतो, साहेब," मी म्हणालो.

त्या क्षणापर्यंत माझ्या मनात काही नव्हतं, असं लिहिलं तर कोणी मानणार नाही, आणि ते खरंही नाही.

मी त्यांना शहराच्या कडेची एक जागा दाखवली. चारी बाजूंनी चिऱ्यांचा गडगा, आत हापूसची चौदा कलमं, वरून समुद्र दिसायचा. मालक मुंबईला. कलमं मात्र मालकाची नव्हती. शेजारच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याच्या बापाने ती पूर्वी मालकाच्या संमतीने लावली होती. आमच्याकडे असं चालतं, जमीन एकाची आणि झाडं दुसऱ्याची. सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात तशी नोंद होती.

साहेबांनी चष्मा वर-खाली केला, कागद उजेडात धरला आणि शेवटी माझ्यापुढे सरकवला. "हे खाली काय लिहिलंय रे? मला लागत नाही."

मी वाचलं. कलमे चौदा, पुढे म्हाताऱ्याचं नाव.

"जुनी नोंद आहे," मी म्हणालो. "खरेदीखतात 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण' असं सगळं येतं. तरू आलं म्हणजे झाडं तुमची."

"वकिलाला दाखवू का एकदा?"

"दाखवा की. पण तो तरी वेगळं काय सांगणार?"

माझ्यासारखा माणूस, जो ऊठसूट वकिलाकडे पाठवतो, तोच असं म्हणतोय म्हटल्यावर ते निर्धास्त झाले. मला हेच हवं होतं. इतक्या वर्षांची माझी पत मी त्या एका दुपारी त्यांच्यावर चालवली.

खरेदी झाली. त्यांच्या पत्नीने मला घरी बोलावून आमसुलाचं सरबत दिलं. फणसाच्या लाकडाची दाराची चौकट त्यांनी आधीच करून घेतली होती, ती ओटीवर भिंतीला टेकून उभी होती. त्यांनी विचारलं, "भाऊ, दार कुठल्या अंगाला घ्यावं?" मी म्हणालो, पूर्वेला घ्या, वहिनी.

चैत्रात म्हातारा आंबे उतरवायचा झेला खांद्यावर टाकून, माणसं घेऊन गडग्याच्या आत शिरला. साहेब धावत गेले. तो शांतपणे म्हणाला, "जिमीन तुमची, कलमां माजी. माज्या बापाशीनं लावलेली हत ती." कलमं ऐन मध्यात होती. सहा तोडल्याशिवाय घर बसत नव्हतं, आणि म्हातारा एक फांदी तोडू द्यायला तयार नव्हता. विकायलाही नाही. दावा लागला, तारखा पडत राहिल्या. मी मांडवीवरून मुद्दाम चालत जायचो. चौकट तिथेच असायची. पुढे तिच्यावर धुणं वाळत घालू लागले. मला समाधान वाटायचं.

दोनेक वर्षांनी साहेब माझ्या बाकड्यावर येऊन बसले. खूप वाळले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लोक म्हणतात दलालाने फसवलं. मी सांगतो, छे. त्याला बिचाऱ्याला कागद कुठे वाचता येतो? चूक माझी. तुला विचारलं."

हे ते मायेने बोलले. 'वाचला होता, साहेब, म्हणूनच,' हे उत्तर माझ्याकडे केव्हापासून तयार होतं. आजूबाजूला चार गिऱ्हाइकं बसली होती. तेवढं बोललो असतो तर पुन्हा त्या बाकड्यावर कोणी आलं नसतं. मी दोन चहा सांगितले.

साहेब दाव्याचा निकाल लागण्याआधीच गेले, मला माफ करून, तेही त्याच जुन्या शब्दांत. वहिनी भावाकडे गेल्या. चौकट घरमालकाने गोठ्याला बसवली, दार पश्चिमेला.

वहिनींसाठी मी रोज झुरतो. त्यांनी माझं काहीच केलं नव्हतं. साहेबांसाठी मला अजूनही वाईट वाटत नाही. त्यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलेलं तेवढं खोडायचं राहिलं होतं. नोंद रकान्यात सगळ्यात खाली होती, शाई फिकट, 'चौदा'वर डाग पडलेला. साहेबांना ती लागली नाही. मला लागली.