मुराच्या नावाने एक पेला

आमच्या तिबिलिसीत आज कुणाचं बारसं असो की लग्न, तमादा म्हणून त्रीनूला बोलावणी येतात. पंगतीत कुणाच्या नावाने पेला उचलायचा हे ठरवणारा आणि त्यावर बोलणारा, तो तमादा. हा मान पुरुषांचा, आणि ही बाई एस्टोनियाची! तिथली माणसं गरजेपुरतं बोलतात. आम्ही श्वास घ्यायलाही थांबत नाही.

मालखाझ तिला तालिनहून लग्न करून घेऊन आला तेव्हा ती अगदीच गप्प होती. आमच्याकडे तमादा बोलून झाला की कुणाकडे तरी वळून ‘अलावेर्दी’ म्हणतो. त्या माणसाने तोच विषय पुढे न्यायचा, खुलवायचा. त्रीनूची पाळी आली की ती उठायची, ‘गाउमारजोस’, म्हणजे ‘जय असो’, एवढंच म्हणायची, पिऊन खाली बसायची. तिची सासू त्सियाला, माझी शेजारीण, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं विचारायची, “मालखाझ, बायको आणलीस की फ्रीज?”

“आई, तू थांबलीस तर ती सुरू करेल ना!”

पहिल्याच हिवाळ्यात भर पावसात मेट्रोतून बाहेर पडून त्रीनू रस्ता चुकली. कानाला पालिकेचा पिवळा बिल्ला असलेला आमच्या चढावरचा भटका कुत्रा, मुरा, तिच्यापुढे चालू लागला. सिग्नलला थांबला, वळून पाहिलं, फाटकापर्यंत सोडलं आणि आल्या वाटेने परत गेला. आम्हाला त्याचं काय नवल? तो सगळ्यांनाच पोचवतो. परक्या माणसाचं हेच बरं असतं, आम्ही बघायचं सोडून दिलेलं त्याला दिसतं. दुसऱ्या दिवशी ही बाई मुराच्या मागे निघाली. खाटकाकडे, शाळेच्या दारात, चर्चच्या पायऱ्यांवर. संध्याकाळी जिन्यात बसून मोडक्यातोडक्या भाषेत पोरांना सांगू लागली, की मुराच्या मते हे शहर त्याचं घर आहे आणि आपण सगळे त्याचे भाडेकरू. खाटकाला तो रोज दटावतो, हाडं बारीक झाली म्हणून. पोरं जेवायला उठेनात. गॅलरीतून ऐकता ऐकता माझं सूप करपलं.

मग त्सियालाची साठी आली. कुताइसीहून नातेवाईक आले. स्वयंपाकघरात तिने तमादा अंझोरला बजावलं, “भाऊ, आज सूनबाईला अलावेर्दी देऊ नकोस. कुताइसीवाल्यांपुढे शोभा नको.” त्रीनू तिथेच अक्रोड वाटत होती. मान वर केली नाही, पण वाटण्याचा आवाज वाढला.

पंगत बसली. अंझोर दारी आलेल्या पाहुण्यांच्या नावाने बोलला आणि कुताइसीच्या मेहुण्याकडे वळला. एवढ्यात त्रीनू उभी राहिली. तिच्या हातात बिअर होती! आमच्याकडे मनातून उतरलेल्या माणसाच्या नावाने बिअर उचलतात. चांगल्या माणसासाठी वाइनच.

“खाली बस गं!” त्सियाला दात आवळून म्हणाली.

“उठलीय तर बोलू दे,” अंझोर म्हणाला.

त्रीनूने पेल्याकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले. मग म्हणाली, “मी आले तेव्हा मला पाहुणी कोण म्हणालं? मुरा. तो कुठून आलात विचारत नाही, फक्त बुटांकडे बघतो. माझे बूट भिजले होते. मला दारापर्यंत आणलं आणि स्वतः आत आला नाही. पाहुण्याकडून परतफेड घेतली तर तो यजमान कसला! त्या दिवशी चढावर एकाने त्याला लाथ मारली. मला तेव्हा तुमच्या शिव्या येत नव्हत्या. ही बिअर त्या माणसाच्या नावाने.” ती घटाघट प्यायली आणि रिकामा पेला पुढे केला. “आता मुरासाठी वाइन द्या.”

बिअर चुकून उचलली होती की मुद्दाम, तिने अजून सांगितलेलं नाही. चुकून, असं माझं मत. पण भर पंगतीत चूक अशी वळवायला छाती लागते, आणि ती तिच्यात होती.

सगळी पंगत उठून उभी राहिली. पेला भरायला मालखाझचा हात पुढे झाला, तो बाजूला सारून त्सियालाने स्वतः वाइन ओतली, तीही काठोकाठ. मग कुताइसीवाल्यांकडे वळून म्हणाली, “ही माझी सून. ऐकलंत ना? अंझोर, पुढचा अलावेर्दी हिलाच!”

“आई,” त्रीनू बसत म्हणाली, “आधी जेवू तरी द्या.”