सरकाबाई

शाळांमधल्या मुलांनी तिचं नाव सरकाबाई ठेवलं होतं, आणि त्यात मुलांची काही चूक नव्हती. वर्षातून एकदा ती कॅमेरा आणि तिपाई घेऊन शाळेत यायची, मैदानात बाकं मांडून घ्यायची, उंच पोरं मागे आणि बुटकी पुढे उभी करायची आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. सरका. अजून सरका. तुमच्या दोघांमधून ट्रक जाईल, सरका. मुख्याध्यापकांना तर ती खुर्चीसकट सरकवायची, आणि तेही निमूटपणे सरकायचे. वर्गाचे फोटो काढणं हा तिचा धंदा होता आणि त्यात तिला कोणाचीही भीडभाड नव्हती.

फक्त एका बाबतीत ती अंतर सोडायची. फोटोच्या दिवशी एखादं पोर तापाने घरी असेल तर त्याच्यापुरती, बरोबर एका खांद्याची जागा ती रांगेत मोकळी ठेवायची. मग पुढे कधीतरी त्या पोराला त्याच भिंतीपुढे, उन्हाची तीच वेळ साधून उभं करायची आणि घरी बसून त्या जागेत असं बेमालूम बसवायची, की त्याच्या आईलाही संशय येऊ नये. पण त्याआधी ती वर्गशिक्षकांना विचारून घ्यायची, "येणार आहे, की नाव काढलंय?" येणार असेल तर जागा ठेवायची. शाळा सोडून गेला असेल तर सरका.

तिचा नवरा लाँड्रीची गाडी चालवायचा. लाँड्रीने नव्या गाड्या घेतल्या तेव्हा जुनी गाडी तो घरी घेऊन आला आणि अंगणात लावून तिच्या मागे लागला. आत पलंग केला, शेगडी बसवली, घडीचं टेबल केलं. कपडे टांगायची दांडी मात्र काढली नाही. म्हणाला, कोट कुठे टांगणार? दाराशी एक लाकडी पायरी केली, कारण हिचे गुडघे कुरकुरायला लागले होते. पायरी एकाच माणसापुरती होती, एवढीशी. हिवाळ्याच्या सुट्टीत बर्फातले डोंगर बघायला जायचं, असा त्याचा बेत होता. पण हिवाळ्याच्या सुट्टीत तर हिचं गैरहजर पोरं बसवायचं काम असायचं. पुढच्या वर्षी नक्की, ती म्हणायची. तो विचारायचा, तुझ्या गैरहजरांना कधी सुट्टी नसते का? आणि पुन्हा जाऊन गाडीचं काहीतरी ठोकत बसायचा.

मग एका सकाळी बूट घालायला तो त्या पायरीवर बसला आणि उठलाच नाही.

जे करायचं ते सगळं तिने केलं. माणसांना कळवलं, कागदपत्रांच्या मागे लागली, त्याचे कपडे देऊन टाकले. धीराची बाई आहे, लोक म्हणाले. ती धीराची वगैरे काही नव्हती. तिला काही वाटतच नव्हतं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई मारतात आणि मग गाल आपला राहत नाही, नुसता हाताला लागतो, तसं तिला सगळं लागत होतं. महिने गेले तरी ते उतरेना, तेव्हा ती घाबरली. फोनवर मुलीला तिने विचारलं, की मला रडूसुद्धा येत नाही, माझं काही बिघडलंय का? सुट्टी लागली तशी मुलगी नवऱ्याला घेऊन आली आणि म्हणाली, बाबांची गाडी काढू या. डोंगर बघून तरी आई हलेल, असं तिला वाटत होतं. ते ऐकून आत्याही बॅग भरून आली. माझ्या भावाची गाडी माझ्याशिवाय घाट कशी चढेल, असा तिचा सवाल होता.

गाडी घाट चढली, पण जावयाच्या हातून. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. त्याला वर-खाली नेणाऱ्या यंत्रांचा अनुभव दांडगा, वळणांचा शून्य. तो इतक्या सावकाश चालवत होता, की मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून वाजवून शेवटी नाद सोडला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग लोटून ठेवलेले होते. झाडं पांढरी, छपरं पांढरी, एक धबधबा कड्यावरच गोठून राहिलेला. आत्या दर वळणाला "अगं बाई, हे बघ" म्हणत होती. सरकाबाई बघत होती. सांगितलं तिथे गाडीतून उतरत होती, फोटो काढत होती, पुन्हा चढत होती. थंडीने कॅमेऱ्याची बॅटरी बसू नये म्हणून ती स्वेटरच्या आत, काखेत ठेवत होती. बॅटरी ऊबदार राहिली. तिच्या बोटांना काही कळत नव्हतं, आणि बोटांचं एक वेळ ठीक होतं.

एका दुपारी बर्फ पडायला लागला आणि जावयाने एका गोठलेल्या तळ्याकाठी गाडी उभी केली. शेगडीवर चहा ठेवला होता, काचा वाफेने भरल्या होत्या, दांडीवरचे कोट गळत होते. वेळ जाईना म्हणून मुलगी कॅमेऱ्यातले फोटो बघत बसली. कठड्यापाशी तिचा नवरा आणि आत्या, एकमेकांपासून लांब. तिने हसून विचारलं, की आत्या, तुमचं भांडण झालं होतं का? आत्या म्हणाली, छे, वहिनीनेच तसं उभं केलं होतं. पुढच्या फोटोत धबधब्याखाली आत्या आणि ती स्वतः, मध्ये मोकळं. घडीच्या टेबलावर कप, सगळे एका बाजूला सारलेले आणि एकाची जागा रिकामी. मुलगी पुढे पुढे जात राहिली आणि तिचं हसू गेलं. माणसं असलेल्या एकेका फोटोत ती जागा होती. तेवढीच. एका खांद्याची.

तिने कॅमेरा आत्याकडे दिला. आत्याने बघितलं, आणि दिवसभर न थांबलेलं तिचं तोंड बंद झालं. जावई टायर बघतो म्हणून बाहेर गेला. टायरांना काही झालं नव्हतं.

सरकाबाईने फोटो बघितले. पुन्हा पहिल्यापासून बघितले. आपण हे केलंय, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. हाताची सवय आहे, ती म्हणाली, आणि उतू चाललेला चहा उतरवायला उठली. पण त्यानंतर तिने कॅमेऱ्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ निवळलं. तळ्याच्या पलीकडे कालपर्यंत नुसतं धुकं होतं, तिथे डोंगर उभा होता, पायथ्यापासून माथ्यापर्यंत पांढरा. मुलगी म्हणाली, गाडीपुढे आमचा सगळ्यांचा एक फोटो काढ, घरात लावायला हवा. सरकाबाई नको म्हणाली. मुलगी हट्टाला पेटली. शेवटी तिपाई बर्फात रोवली गेली, स्वेटरमधून बॅटरी निघाली. जावई एका टोकाला, त्याच्याजवळ मुलगी, पलीकडे आत्या. सरकाबाईने कॅमेऱ्यातून बघितलं आणि हाताने खुणा केल्या, इकडे, थोडं तिकडे, बस. माणसं उभी राहिली. मुलगी आणि आत्या यांच्यामध्ये जागा होती, आणि त्या जागेतून गाडीचं दार दिसत होतं, आणि दाराखालची पायरी.

आपण काय केलंय ते तिला दिसलं. तरी "सरका" म्हणायला तिचं तोंड उघडेना. जन्मभर पोटापाण्यासाठी म्हटलेला शब्द, आणि तो सापडेना. समोरचं कोणी हललं नाही. तिने सांगितल्याशिवाय तिच्या फोटोत कोणी हलत नसे, हे घरच्यांना पक्कं माहीत होतं.

मुलगी लहान असताना आईबरोबर शाळाशाळांतून फिरलेली होती. वर्गाचं नाव लिहिलेली पाटी धरायचं काम तिचं असायचं. रिकाम्या जागेच्या कडेला उभी राहून तिने आता हळूच विचारलं, "आई, येणार आहे, की नाव काढलंय?"

सरकाबाई कॅमेऱ्याआडून बाहेर आली नाही. आत्याने रुमाल काढला, पण डोळ्याला लावला नाही, नुसता हातात धरून ठेवला.

"काढलंय," सरकाबाई म्हणाली. मग म्हणाली, "सरका."

माणसं सरकली. खांद्याला खांदा लागला. दार झाकलं गेलं, पायरी झाकली गेली, आणि कॅमेऱ्यात तीन माणसं आणि मागे डोंगर एवढंच उरलं. फोटो चांगला होता. तिने बटण दाबलं. कोणाचे तरी डोळे मिटलेले असतात म्हणून ती नेहमी दुसरा काढायची, तसा दुसराही काढला. मग कॅमेरा तिथेच तिपाईवर सोडून ती चालत गाडीकडे आली, त्यांना ओलांडून गेली आणि पायरीवर बसली.

सुईचा असर उतरतो तेव्हा आधी दुखतं. तिला दुखायला लागलं. तो मेला होता, हे तिला इतके महिने माहीत होतं, आज ते कळलं, आणि ती तोंडावर हात न घेता, मोठ्याने रडायला लागली. जावई घाबरून पुढे झाला. आत्याने त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं.

मुलगी मात्र आली. पायरी एकाच माणसापुरती होती.

"आई, सरक की जरा," ती म्हणाली.

सरकाबाई सरकली.