फळ्यांवरची चाल

विनतादीदींच्या वर्गात नवं मूल आलं की त्या आधी त्याच्या चपला काढायला लावत आणि स्वतः जमिनीवर बसून त्याचे तळवे हातात घेत. टाच टेकते का, बोटं आवळली जातात का, भार कुठल्या पायावर जातो, ते पाहत. पालकांशी बोलणं त्यानंतर. आमच्या दुर्वाचे तळवे त्यांनी असेच बराच वेळ धरून ठेवले आणि म्हणाल्या, "हिला कानाचं काही काम नाही. हिचे पाय ऐकून राहिले."

दुर्वा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. मी बँकेत. नाशिकहून बदली होऊन आम्ही जबलपूरला आलो त्याला चारच महिने झाले होते. हातांनी बोलणाऱ्या मुलीला शेजारची मुलं खेळायला घेत नव्हती, म्हणून माझी बायको प्रणाली कुठे काही मिळतं का ते शोधत होती. कुणीतरी कांचघर भागातला हा वर्ग सांगितला.

विनता मुळे बासष्टीच्या होत्या. भोसल्यांच्या काळात घराणं इकडे आलं ते इथलंच झालं. तरुणपणी त्या जिम्नॅस्टिक्समध्ये राज्य पातळीपर्यंत गेल्या, मग तीस वर्षं एका शाळेत पीटी टीचर होत्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा जुना हॉल भाड्यानं घेतला आणि ज्या मुलांना दुसरीकडे कुणी कोलांटी शिकवत नाही अशांना शिकवायला लागल्या. अमेय चाकाच्या खुर्चीवरून यायचा. त्याला त्या गादीवर उतरवून लोळायला शिकवत आणि खुर्चीवर बसूनच गिरकी घ्यायला. ऋग्वेदला डाऊन सिंड्रोम. त्याच्या आईला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "अशा पोरांची मान कच्ची असू शकते, एक्सरे काढून डॉक्टरला दाखवा. त्याच्याशिवाय कोलांटी नाही. तोपर्यंत नाचेल तो." आणि ऋग्वेद नाचला.

हॉलची जमीन सागवानी फळ्यांची, मातीपासून दोन फूट वर. खाली पोकळ. दीदी ढोलक मांडीवर न घेता फळ्यांवर आडवा ठेवून वाजवत. थाप फळीफळीतून पसरायची आणि दुर्वाच्या अनवाणी पायांपर्यंत पोचायची. पहिल्यांदा ती पोचली तेव्हा दुर्वा दचकली, मग हसली, मग उडीच मारली. मी आणि प्रणाली भिंतीला टेकून उभे होतो. प्रणालीनं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

ते सगळं छान चाललं होतं. पुढचं सुरू झालं डिसेंबरात.

शनिवारचा चारचा वर्ग. खिडकीतून ऊन येत होतं. मुलं विश्रांतीला आडवी पडली होती आणि दीदी ऋग्वेदच्या चड्डीची नाडी बांधत होत्या. ढोलक कोपऱ्यात उभा होता. दुर्वा गाल फळीला लावून पालथी पडली होती आणि एका हातानं जमिनीवर ठेका धरत होती. एक ठोका, मग तळवा घासून ओढायचा, मग ठोका. ठोका, ओढ. ठोका, ओढ.

मी तिच्यासमोर बसून हातांनी विचारलं, काय करतेस?

तिनं विचारलं, कोण चालतंय?

मी वळून पाहिलं. कुणीच चालत नव्हतं. दीदी म्हणाल्या, "मालगाडी गेली असेल. नाहीतर जमीन हलली." सत्त्याण्णवचा भूकंप पाहिलेली जबलपूरची माणसं कप खुळखुळला तरी आधी पंख्याकडे बघतात. पंखा स्थिर होता.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही. दीदींनी सुतार बोलावला. त्यानं कोपऱ्यातल्या दोन फळ्या काढून खाली बॅटरी मारली. मीही वाकून पाहिलं. खाली बारीक कोरडी धूळ होती, वर्षानुवर्षांची, सारवल्यासारखी सपाट. उंदराचाही माग नव्हता. "कुछ नहीं है दीदी," म्हणत सुतारानं फळ्या पुन्हा ठोकल्या. तो ठोकत होता तेव्हा दुर्वा दाराजवळ उभी होती. तिची मान हळूहळू फिरत होती, दारापासून खिडकीकडे आणि खिडकीपासून परत दाराकडे. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाकडे आपण बघतो तशी.

जानेवारीत ती तशी चालायला लागली.

कुणी सांगितलं नव्हतं. मुलं गोलात फेरी धरत होती, त्यातून ती बाहेर पडली, दाराशी गेली आणि निघाली. उजवा पाय टाकायचा. मग डाव्या हाताचा तळवा डाव्या गुडघ्याच्या वर दाबून धरायचा, खांदा झुकवायचा आणि डावा पाय घासत पुढे ओढायचा. खिडकीपर्यंत गेली. वळली. अशी चाल तिनं कुठे पाहिलेली नव्हती. आमच्या नात्यात, शेजारी, शाळेत तसं चालणारं कुणी नाही. आणि ती नक्कल वाटत नव्हती. तिचं अंगच तसं झालं होतं.

ढोलक थांबला. दीदींचा चेहरा मी पाहिला. त्या भिंतीला धरून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आज बस. घरी जा सगळे."

घरी आल्यावर प्रणाली म्हणाली, "पुन्हा तिथे न्यायचं नाही."

"अगं, पण तिला आवडतं."

"म्हणूनच," ती म्हणाली.

दोन शनिवार गेले. दोन्ही वेळा दुर्वा साडेतीनला पिशवी घेऊन दाराशी बसली आणि अंधार होईपर्यंत उठली नाही. रडली नाही, हट्टही केला नाही. पाय टाइल्सवर टेकवून बसून राहिली.

तिसऱ्या शनिवारी सकाळी विनतादीदीच घरी आल्या. चहा पुढे ठेवला तो त्यांनी घेतला नाही. प्रणालीकडे बघत म्हणाल्या, "मी घाबरवायला नाही आले, बेटा. पण तुला सांगितल्याबिगर पोरीला परत पाठव म्हणणं बरं नाही. ती चाल अंजनीची आहे."

"कोण अंजनी?" प्रणालीनं विचारलं.

"माझी बहीण. दोन वर्षांनी मोठी. पोलिओमध्ये डावा पाय गेला तिचा. असाच हात दाबून चालायची." त्यांनी स्वतःच्या मांडीवर हात ठेवून दाखवला आणि लगेच काढून घेतला. "मी बारा वर्षांची असताना याच हॉलमध्ये शिकत होते. ती रोज माझ्यासोबत यायची. आत बसायची परवानगी नव्हती. सर म्हणायचे, ये बाहर बैठेगी. तर बाहेर पायरीवर माझ्या चपला सांभाळत बसायची. सगळे गेले की पाच मिनिटं आत येऊन त्या फळ्यांवर चालायची. बस, एवढंच. मला म्हणायची, विनू, इथं पाय वाजतो गं माझा."

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"मे महिना होता. त्या दिवशी दोन-तीन पोरींनी तिची नक्कल केली आणि सगळ्या हसल्या. मला तिचाच राग आला. काहून येते ही माझ्यामागे? सगळे गेल्यावर ती आत गेली आणि मी बाहेरून कडी लावली. पाच मिनिटांत उघडीन म्हटलं. घरी गेले, जेवले आणि झोप लागली मला. उठले तर चार वाजत होते. धावत आले. कडी काढली." त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "ती चालून राहिली होती. दारापासून खिडकी, खिडकीपासून दार. तीन तास. मला पाहूनही थांबली नाही. ती फेरी पूर्ण केली, मग चपला घातल्या. चलो, म्हणाली. घरी कोणाला सांगितलं नाही तिनं. त्याच पावसाळ्यात कावीळ झाली आणि गेली. मीही कोणाला सांगितलं नाही. पन्नास वर्षं झाली. आज तुम्हालाच सांगितलं."

दुर्वा दारातून आमचे चेहरे पाहत होती. तिनं आईला विचारलं, काय झालं? प्रणालीनं हात उचलले आणि सांगितलं, दीदींची बहीण होती, ती तशी चालायची. मला वाटलं दुर्वा घाबरेल. तिनं फक्त त्या बहिणीचं नाव विचारलं. प्रणालीनं एकेक अक्षर बोटांनी दाखवलं. मग दीदींना म्हणाली, "चारला घेऊन येते."

त्या दिवशी दीदींनी ढोलक पुढे ओढला, दुर्वाला मधे उभं केलं आणि खुणेनं सांगितलं, तू दाखव, मी वाजवते. ठोका, ओढ. तो ठेका त्यांनी ढोलकावर उचलला तेव्हा त्यांची बोटं दोनदा चुकली. मग बसला. महिनाभर मुलं तोच नाच करत होती. प्रत्येकाची चाल वेगळी. ऋग्वेद धपाधप पाय टाकून मधेच थांबायचा. अमेय एक चाक ढकलायचा, मग दुसरं, खुर्ची डुलत पुढे जायची.

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी कार्यक्रम झाला. पालक आणि नातेवाईक मिळून साठेक माणसं भिंतीकडेला खुर्च्यांवर बसली होती. सुरू करण्याआधी दीदींनी दाराच्या दोन्ही झडपा सताड उघडल्या आणि त्यांना विटा लावल्या.

नाच सुरू झाला. मुलं खिडकीकडून दाराकडे ओळीनं येत होती. अर्ध्यावर आली आणि सगळ्यात पुढची दुर्वा थांबली. एक पाऊल डावीकडे सरली. तिच्यामागे ऋग्वेद होता. त्याला शंभरदा सांगितलं तरी तो आपल्या जागेवरून हलत नाही. तोही सरकला, आणि सरकताना त्यानं मान खाली घातली. अमेयनं दोन्ही चाकं मागे घेतली. मुलांच्या मधे हातभर रुंद वाट मोकळी झाली. कुणी खूण केलेली नव्हती. सगळ्याच मुलांची नजर एकदमच खिडकीकडून दाराकडे फिरली, सावकाश. बाहेर झुळूकही नव्हती. मी दीदींकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. ढोलक वाजत नव्हता.

माझ्या खुर्चीखालच्या फळीत काहीतरी हललं. एक ठोका. मग ओढ. मी पाय वर घेतले.

मग दुर्वा पुन्हा ओळीत आली आणि दीदींनी थाप दिली. लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. ऋग्वेदचे आजोबा पुढे येऊन म्हणाले, "वो बीच में जो रास्ता छोड़ते हैं बच्चे, क्या सोचा है आपने दीदी!" दीदींनी त्यांना हात जोडले.

प्रणालीनं मला विचारलं, "तुला जाणवलं का पायाला?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मलाही."

वर्ग अजून चालू आहे. मुलं आता अकरा झाली आहेत. तिलवारा घाटाच्या पलीकडून एक मुलगी येते, तिच्या दोन्ही पायांना आधाराच्या लोखंडी पट्ट्या आहेत. दीदी हल्ली वर्गाच्या तासभर आधी येतात, एकट्याच. आम्ही पोचतो तेव्हा दार उघडं असतं आणि त्या आत फेऱ्या घालत असतात, अनवाणी, पाठीमागे हात बांधून. दुर्वा आत जायच्या आधी पायरीवर बसते आणि उंबऱ्याच्या लाकडावर हाताचा तळवा टेकवते. परवा मी तिला विचारलं, दीदी चालतायत ना?

तिनं दोन बोटं दाखवली, आणि आत गेली.